दोन विहिरींच्या मधलं

दगडोबा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मेलेला होता. निदान ड्रिलिंगबाईंची तशी खात्री झाली होती, आणि ड्रिलिंगबाईंची एकदा खात्री झाली की ती मोडायला खुद्द मेलेल्या माणसालाच उठून यावं लागे.

बाई त्याच आठवड्यात बदलून आल्या होत्या. तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या खात्याच्या त्या प्रमुख. उभी हयात यंत्रांच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांचा आवाज असा तयार झाला होता की त्यांनी कानात सांगितलेलं गुपितही फाटकावरच्या पहारेकऱ्याला कळे. त्या दिवशी त्या स्वतःसाठी एक बरी खुर्ची शोधत इमारतीच्या तळघरात उतरल्या. तळघरात दगडांचं कोठार होतं. मांडण्यांच्या दोन रांगांमध्ये एक लांबलचक टेबल, टेबलावर दगड आणि दगडांवर एक माणूस पालथा. गाल दगडाला टेकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा पण हलत नाही, हात लोंबतोय आणि कुठूनतरी बारीक 'फुस्स' असा आवाज येतोय. बाईंनी झटक्यात निदान केलं : माणूस गेला, आणि ज्या वायूने गेला तो अजून गळतोय.

त्यानंतर त्यांनी जी आरोळी ठोकली तिला त्या इमारतीच्या इतिहासात तोड नाही. पहिल्या मजल्यावरचे हिशेबनीस टेबलाखाली शिरले. पहारेकऱ्याने आगीची घंटा वाजवली. कँटीनवाला दुधाचं पातेलं पोटाशी धरून रस्ता ओलांडून गेला आणि पलीकडे उभा राहून इतरांना 'पळा, पळा' असा धीर देऊ लागला. एकाने रुग्णवाहिका बोलावली, दुसऱ्याने जोडीला असावी म्हणून आणखी एक बोलावली. मोठे साहेब जिन्यातच उभे राहून दोन शब्द बोलायच्या तयारीला लागले, पण मयताचं नाव काही केल्या त्यांना आठवेना. त्यांनी शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने त्याच्या शेजारच्याला विचारलं, आणि तो प्रश्न जिना चढत गच्चीपर्यंत जाऊन हात हलवत परत आला.

इतक्यात मयताने एक बोट वर केलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "मोजणी चालू आहे."

बाई मटकन एका खोक्यावर बसल्या. "अहो, जिवंत आहात तर तसं सांगायचं ना आधी!"

"कुणी विचारलं नाही," तो म्हणाला.

हे त्याने थट्टेने म्हटलं नव्हतं. त्याला थट्टा करता येत नसे. तो त्या तळघरात आला तेव्हा त्याचे केस काळे होते आणि आता पांढरेही विरळ झाले होते, आणि या दोन घटनांच्या दरम्यान त्याला कुणी काही विचारल्याचं त्याला खरोखरच आठवत नव्हतं. नाही म्हणायला, दर पावसाळ्यात वरून एक माणूस येऊन 'इथे पाणी शिरतं का?' असं विचारून जाई.

बाईंनी त्याला जागच्या जागी 'दगडोबा' हे नाव दिलं आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या मजल्यांवर रुजू झालं. त्याला राग यायला हवा होता. पण आपल्याला मागून कुणीतरी हाक मारतंय ही गोष्टच इतकी नवी होती, की पहिल्यांदा जिन्यात "काय दगडोबा!" असं ऐकल्यावर तो थांबून, मागे वळून, हाक मारणारा निघून गेल्यावरही थोडा वेळ तसाच उभा राहिला.

आता दगडोबा दगडावर गाल टेकून करत काय होता? तर दगडात हवा फुंकत होता. जमिनीखाली तेल म्हणजे मोठं तळं असतं, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नसतं. तेल दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, अंघोळीच्या स्पंजात पाणी मुरतं तसं. ज्या दगडाची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात तो तेल सोडतो, बाकीचे ते धरून बसतात, चिकट नातेवाइकांसारखे. विहीर खोदताना खालून दगडाचे लांब दांडके वर काढतात आणि खोक्यांत भरून ठेवतात. दगडोबा त्या दांडक्यावर बोटाबोटाच्या अंतरावर एक नळी टेकवायचा, हवा सोडायचा आणि ती किती सहज आत जाते ते मोजायचा. फुस्स. नोंद. बोटभर पुढे. फुस्स. दगड हलू नये म्हणून त्यावर झोपायचा, आणि काटा नीट दिसावा म्हणून एक डोळा मिटायचा. एवढ्यावरून लोक माणसाला मयत ठरवतात.

पण हे झालं विहिरीपुरतं. विहीर खोल मैलभर, रुंदीला मात्र पातेल्याच्या झाकणाएवढी. दुसरी विहीर तिथून पार लांब. मधल्या सगळ्या दगडाबद्दल कुणालाच काही ठाऊक नसतं आणि ते मधलंच दगडोबाचं खातं होतं. या खात्यात दुसरं कुणी नव्हतं.

या मधल्याबद्दल बोलायचा अधिकृत मान होता तो वरच्या मजल्यावरच्या नकाशेवाल्या साहेबांचा. त्यांचे नकाशे, त्यांचे केस, त्यांचं बोलणं, सगळं इतकं गुळगुळीत होतं की त्यांच्यावर माशी बसली तरी घसरून पडली असती. त्यांचं म्हणणं सोपं होतं : या विहिरीत दगड चांगला, त्या विहिरीत बेताचा, म्हणजे मध्ये तो हळूहळू चांगल्याचा बेताचा होत जाणार. नकाशा कसा, इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा.

"दगडाला इस्त्री नसते," दगडोबा म्हणायचा. हे तो बहुतेक वेळा दगडालाच म्हणायचा.

बाईंना त्याने ते कागद फाडून दाखवलं. मरता मरता वाचलेल्या माणसाची विचारपूस करावी म्हणून बाई दुसऱ्या दिवशी चहाचे दोन पेले घेऊन खाली आल्या होत्या.

"ही फाटलेली कड बघा," दगडोबा म्हणाला. "खडबडीत आहे?"

"आहे."

"आता ह्याच कडेचा नखाएवढा तुकडा भिंगातून बघा."

बाईंनी बघितला. "ह्यातही तशीच खडबड आहे."

"त्यातला आणखी बारीक बघितलात तर त्यातही तशीच. लांबून बघा, जवळून बघा, खडबडीचा स्वभाव बदलत नाही. दगडाचंही तसंच असतं, मॅडम. बोटभर अंतरावर तो जितका लहरी, तितकाच आपल्या मापाने मैलभर अंतरावरही लहरी. ह्या लहरीपणाचा एक आकडा काढता येतो. तो आकडा हाताशी आला की दोन विहिरींच्या मधलं चित्र काढता येतं, त्याच खडबडीचं."

"मग काढा की."

"काढलंय. शंभर काढलीत."

"शंभर? आणि त्यातलं खरं कुठलं?"

"सगळी सारखीच शक्य आहेत. म्हणून तर शंभर. नव्वद चित्रांत एका जागी चांगला दगड आला, तर तिथे खोदायला हरकत नाही."

बाईंनी कागदाची कड पुन्हा भिंगाखाली धरली. "माझी सासू अशीच आहे," त्या म्हणाल्या. "एका वाक्यात जेवढी खडबड, तेवढीच अख्ख्या वर्षात. आकडा काढता येईल तिचा?"

दगडोबाने यावर गंभीरपणे विचार केला आणि वाक्यं बरीच लागतील असं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की मांडणीवरची धूळ खाली आली.

त्यानंतर बाई रोज येऊ लागल्या. त्यांच्या मते त्या इमारतीत ती एकच खोली अशी होती जिथे 'हळू बोला' म्हणून कुणी सांगत नव्हतं. दगडोबाकडे एकच कप होता. तो कानतुटका होता आणि त्यात पेन्सिली असायच्या. एका संध्याकाळी घरी जाताना त्याने दोन नवे कप विकत घेतले. दुकानदाराने विचारलं, "सहांचा संच देऊ का? घरी माणसं किती?" दगडोबा म्हणाला, "दोनच द्या," आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं टाळलं.

कारण घरी माणसं एक होती. ती एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहत होती आणि सकाळी जाग आली की अंथरुणात पडल्या पडल्या छताकडे बघत होती. छताला ओलीचा एक मोठा डाग होता. पहिल्या वर्षी तो उशीएवढा होता. मग त्याला किनारे फुटले, किनाऱ्यांना आखातं, आखातांना बारीक खाड्या. दुसऱ्या कुणी घरमालकाशी भांडून छत दुरुस्त करून घेतलं असतं. दगडोबा मात्र त्या डागाच्या प्रगतीकडे कौतुकाने बघायचा, चांगला अभ्यास करणाऱ्या मुलाकडे बघावं तसा. घरमालक वर्षातून एकदा येऊन, मान वर करून, "अरेरे," म्हणून जायचा. दगडोबाही त्याच्याबरोबर "अरेरे" म्हणायचा, नाहीतर ते वाईट दिसलं असतं.

दर रविवारी ताईचा फोन येई. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती दूरच्या गावी आपल्या सुनांवर राज्य करत होती. भाऊ विहिरी खोदण्याच्या कचेरीत आहे एवढं तिला ठाऊक होतं, आणि विहीर म्हटल्यावर ती कशाची, हे विचारायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

"जेवलास का?"

"जेवलो."

"काय जेवलास ते विचारत नाही. मलाच वाईट वाटायचं. तुझी विहीर खोदली का त्यांनी?"

"नाही अजून."

"कसली कचेरी म्हणायची ही! इतकी वर्षं झाली, एक विहीर होत नाही तुझ्याच्याने. धाकट्या दिराने परसात खोदली, चार दिवसांत पाणी लागलं."

ताईला नकळत ती बरोबर त्याच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवायची. दगडोबाच्या शब्दावर आजवर एकही विहीर खोदली गेली नव्हती. त्याची शंभर चित्रं दर वेळी अहवालाच्या शेवटी पुरवणीत लागायची, आणि अहवाल वाचणारे पुरवणी आली की अहवाल संपला असं समजायचे. नोकरीची थोडी वर्षं उरली होती. एकदा, फक्त एकदा, आपण बोट ठेवलं त्या जागी खोदावं आणि खाली काय आहे ते डोळ्यांनी दिसावं, एवढंच त्याला हवं होतं. दोन विहिरींच्या मधल्या काळोखाबद्दल जन्मभर अंदाज बांधणाऱ्या माणसाने आणखी मागायचं तरी काय?

आणि मग ती बैठक झाली. ते तेलक्षेत्र म्हातारं झालं होतं. दोनच विहिरी धुगधुगत होत्या. एक थोरली, सगळ्यांत आधी खोदलेली. ती तेल कमी आणि पाणी जास्त द्यायची, आणि तिचे नळ गळके आहेत असं तिच्याबद्दल सगळे म्हणायचे. दुसरी लंगडी, कारण खोदताना ती वाकडी गेली होती. मोठे साहेब म्हणाले, आता आणखी एक विहीर. लागली तर कचेरी चालेल. नाही लागली तर सगळ्यांनी आपापल्या पेट्या बांधायच्या.

गुळगुळीत साहेबांनी नकाशा पसरला आणि थोरली-लंगडीच्या बरोबर मधोमध बोट ठेवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मधोमध म्हटलं की कुणाचंच मन दुखावत नाही.

"दगडोबा," बाईंचा आवाज आला. समोरच्या ग्लासातलं पाणी हललं. "तुम्ही कुठे खोदाल?"

दगडोबा उठून उभा राहिला. बैठकीत बसून बोलायची पद्धत आहे हे त्याला माहीत नव्हतं, कारण बैठकीत तो कधी बोललाच नव्हता. खुर्ची मागे कलंडली. ती उचलावी की बोलावं या पेचात त्याने दोन्ही करायला घेतलं आणि अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत आपली जागा सांगितली : लंगडीच्या जवळ, लंगडीपासून थोडं थोरलीच्या अंगाला. थोरलीत जो चांगला दगड वरच्या भागात आहे, तो मध्ये तुटत, लपत, पुन्हा डोकं काढत तिथवर येतो. शंभरातल्या नव्वद चित्रांत.

"एका प्रश्नाची शंभर उत्तरं," गुळगुळीत साहेब मधाळ आवाजात म्हणाले. "शाळेत अशांना पुन्हा त्याच वर्गात बसवायचे."

"मी इतक्या विहिरी खोदल्या," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या नकाशातल्यासारखा गुळगुळीत दगड मला अजून लागलेला नाही, साहेब. लागला की पहिला तुकडा तुम्हाला पाठवते, पेपरवेट करा. यंत्र माझं आहे. मी दगडोबांच्या जागेवर लावणार. तेल न लागता विहीर कोरडी निघाली तर ती माझ्या डोक्यावर."

मोठे साहेब बाईंना घाबरत असत. विषय संपला.

त्या रविवारी ताईने "खोदली का विहीर?" असं विचारल्यावर दगडोबा म्हणाला, "खोदतायत." ताई घाबरून म्हणाली, "तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

मग थोडे दिवस दगडोबाच्या आयुष्यात जो काळ आला, त्याला दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात साधे दिवस म्हटलं असतं. तो केस कापून आला. जिन्यातून खाली जाताना काहीतरी गुणगुणू लागला. कँटीनवाल्याला त्याने आपणहून हवापाण्याबद्दल एक वाक्य ऐकवलं, आणि कँटीनवाल्याने ते दोन दिवस सगळ्यांना सांगितलं. यंत्र सुटं होऊन ट्रकवर चढायला लागलं होतं.

आणि एका दुपारी बाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दाखवा हो मला तो तुमचा दगड. ज्याच्या भरवशावर माझं डोकं पणाला लागलंय त्याचं तोंड तरी बघू दे."

दगडोबाने थोरलीचं वरचं खोकं काढलं. खोक्याच्या एका टोकाला चिठ्ठी होती : 'वर'. त्याने दगडाचा दांडका मोठ्या मायेने पुढे सरकवला. बाईंनी त्यावरून हात फिरवला.

"छान आहे. आणि ही लाल आणि काळी रेघ कसली ओढलीय लांबलचक?"

"ती होय? दांडका विहिरीतून वर निघाला की लगेच, जागेवरच ओढतात. पुढे कुणी उलटसुलट ठेवू नये म्हणून. दगडाचं डोकं वर धरलं की लाल रेघ उजवीकडे आणि काळी..."

आणि बोलता बोलता दगडोबाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

लाल रेघ डावीकडे होती.

बाई सासूबद्दल काहीतरी सांगू लागल्या होत्या. दगडोबा योग्य जागी हसला, एकदा चुकीच्या जागीही हसला. त्या गेल्यावर त्याने दुसरं खोकं काढलं. लाल डावीकडे. तिसरं काढलं. संध्याकाळपर्यंत थोरलीची सगळी खोकी जमिनीवर मांडलेली होती आणि एकूण एक लाल रेघ डावीकडे होती. काय झालं असेल हे दिसतच होतं. जुनी लाकडी खोकी कुजली म्हणून, दगडोबा नोकरीला लागायच्याही आधी, कुणीतरी ते दगड नव्या खोक्यांत भरले होते. भरणाऱ्याने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली होती आणि चिठ्ठ्या मात्र पहिल्या टोकापासून लावल्या होत्या. अख्खी विहीर डोक्यावर उभी होती.

आणि दगडोबा? दगडोबा या दगडांवर गाल टेकून महिनोन्‌महिने झोपला होता. एक डोळा मिटून. दुसरा काट्यावर. त्याच्या गालाखाली ती लाल रेघ होती. एखाद्या माणसाशी जन्मभर बोलावं आणि एक दिवस कळावं की आपण इतके दिवस त्याच्या पाठीशी बोलत होतो, तसं त्याला झालं.

दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं. वर काय आहे, खाली काय आहे, हे पाहणाऱ्या कुणाच्याही. पण दगडोबाचं सगळं लक्ष त्या खडबडीच्या आकड्यावर, आणि खडबड उलटी केली तरी तितकीच खडबडीत राहते. फाटलेला कागद डोक्यावर धरा, कड तशीच दिसते. त्याने थोरलीचा आकडा लंगडीच्या आकड्याशी ताडून पाहिला होता तेव्हा दोन्ही इतके जुळले होते की तो आनंदाने टेबलाभोवती एक फेरी मारून आला होता. उलट्या दगडानेही तेच उत्तर दिलं असतं. दिलंच होतं. थोरलीत तारेवरून खाली सोडलेल्या उपकरणाची मोजणी त्या टप्प्यात फसली होती, विहिरीची भिंत ढासळली होती, त्यामुळे ताळा करायला दुसरं काही नव्हतं.

गणिताला वर-खाली कळत नाही. पाण्याला कळतं. जमिनीखाली तेल वर तरंगतं आणि पाणी तळाशी असतं. थोरलीचा चांगला दगड वर नव्हताच, तो खाली होता, पाण्यात. ती बिचारी इतकी वर्षं पाणी का देत होती तेही आता उघड झालं. तिचे नळ शाबूत होते.

त्याने चित्रं पुन्हा काढली, सुलट्या दगडाने. त्याने सांगितलेल्या जागी बहुतेक चित्रांत पाणी. गुळगुळीत साहेबांच्या मधोमधच्या जागीही पाणी. कुठेच खोदण्यात अर्थ नव्हता.

दगडोबाने हे मनात ठेवलं. यंत्राचे ट्रक भरत होते आणि तो ते मनात ठेवून फिरत होता. सकाळी छताकडे बघत तो बाईंना सांगण्याची वेगवेगळी चित्रं काढायचा, कारण त्याला तेवढंच येत होतं. एका चित्रात बाई कप फेकून मारत. एका चित्रात त्या हसत आणि म्हणत, खोदू या तरीही. काही चित्रांत त्या काहीच न बोलता जिना चढून जात आणि पुन्हा येत नसत, आणि ही चित्रं जरा जास्तच होती. एक चित्र असंही होतं ज्यात तो सांगतच नसे. त्या चित्रात यंत्र लागे, दगड फुटे, तो काठावर उभा राहून खाली बघे. जन्मात एकदा. ते चित्र फार सुंदर होतं. ते बघत तो एका सकाळी इतका वेळ पडून राहिला की कामाला उशिरा पोहोचला, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाई मात्र चहा घेऊन आल्या.

"मॅडम, एक सांगायचं होतं."

"सांगा. पण आनंदाचं सांगा हं, उद्या ट्रक सुटतायत."

दगडोबाने खोकं पुढे ओढलं आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. मग सगळं सांगितलं. सांगताना तो दगडाकडेच बघत होता. सांगून झाल्यावर त्याने वर पाहिलं, आणि शंभरातल्या एकाही चित्रात नव्हतं असं काहीतरी घडलं. बाईंचा आवाज बारीक झाला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला."

"म्हणजे दाबलं असतंत तर कळलं नसतं."

"खोदल्यावर कळलं असतं."

"तेव्हाही नसतं कळलं हो. विहीर कोरडी गेली की कारण कुणी शोधत नाही. खापर फोडायला डोकं शोधतात. माझं सापडलं असतं."

"म्हणूनच," दगडोबा म्हणाला.

बाईंनी चहा संपवला. कप उलटा करून टेबलावर ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा सुलटा केला. "ह्या विहिरीला मी नाही म्हणाले की ही कचेरी बंद. माझी बदली, तुमची घरी रवानगी. कळतंय ना तुम्हाला, दगडोबा?"

"कळतंय."

"शहाणे आहात की वेडे, तेवढं एकदा सांगा मला."

"दोन्ही सारखंच शक्य आहे," दगडोबा म्हणाला. आयुष्यात त्याने केलेला हा पहिला विनोद असावा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर एक थाप मारली आणि वर गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा नेहमीचा आवाज तिन्ही मजले भेदून खाली आला : ट्रक उतरवा!

पुढचं फार चटकन झालं. गुळगुळीत साहेबांना दुसरीकडे वरची जागा मिळाली. त्यांच्या नकाशात कुठलीच चूक निघाली नाही, कारण सरासरीला उलट-सुलट नसतंच. बाईंची बदली लांबच्या क्षेत्रात झाली. निघताना त्या तळघरात आल्या, पण खाली सामान हलवायला माणसं आली होती आणि दगडोबाला त्यांच्यासमोर काही बोलता येईना. "फोन करते हं," बाई म्हणाल्या. दगडोबाने मान हलवली. त्यांचा कप त्याने धुऊन मांडणीवर ठेवला.

रविवारी ताईचा फोन आला.

"काय रे, लागलं का पाणी?"

"लागलं असतं," दगडोबा म्हणाला. "म्हणून नाही खोदली."

"तू घरी ये बाबा थोडे दिवस," ती म्हणाली. तो "येतो" म्हणाला आणि गेला नाही. तिथे सगळे बोलतील, आणि आपण कुठल्या वाक्यात शिरायचं हे त्याला कळणार नव्हतं.

बाईंचा फोन एकदा आला. दगडोबा तेव्हा अंघोळीला गेला होता. बाहेर येऊन त्याने नंबर पाहिला आणि उलट फोन केल्यावर काय बोलायचं याची चित्रं काढायला घेतली. ती बरीच झाली. पुढे पावसाळा संपता संपता एकदा त्याने धीर करून फोन लावला, तेव्हा तो नंबर बदललेला होता.

कचेरीचे शेवटचे दिवस त्याने तळघरातच काढले. त्याला दुसरं काही काम नव्हतं, आणि त्याने जे केलं ते कुणी सांगितलंही नव्हतं. त्याने थोरलीची सगळी खोकी एकेक करून उतरवली, दगड बाहेर काढले, लाल रेघ उजवीकडे येईल असे पुन्हा भरले, आणि प्रत्येक खोक्यावर नवी चिठ्ठी लावली. वर. वर. वर. शेवटचं खोकं मांडणीवर चढवून झाल्यावर त्याने दिवा बंद केला आणि किल्ली पहारेकऱ्याकडे दिली. पहारेकऱ्याने विचारलं, "कोण आपण?"

थोरली आणि लंगडी सिमेंटने बुजवल्या. मध्ये काय होतं ते कुणी पाहिलं नाही. इमारत एका फर्निचरवाल्याने घेतली, आणि तळघरातले दगड समोरच्या पार्किंगच्या भरावाला गेले.